करवतीचं वजन

कोकणात या यंत्राचा आवाज वादळाच्या मागून येतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस, रस्त्यांवर आणि घरांवर आडवे झालेले माड, पोफळी, आंबे कापत तो आवाज वाड्यावाड्यांतून फिरत होता. लोक या यंत्राला, चेनसॉला, म्हणजे साखळीच्या करवतीला, नुसतं 'कटर मशीन' म्हणतात. त्याच्याशी आपला संबंध दोनच कामांपुरता. पडलेलं झाड वाटेतून काढायचं, नाहीतर उभं असलेलं पाडायचं. याच मशीनने कोणी लाकडी अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस काढतं, आणि ते करणारी माणसं वर्षातून एकदा जत्रेसारखी एकत्र जमतात, हे गावातल्या एखाद्या आजोबांना सांगून बघा. ते आधी तुमच्याकडे बघतील, मग तुमच्या आईवडिलांकडे.

अशी जत्रा भरली ती अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रिजवे नावाच्या गावी. 2000 सालाच्या आसपास चेनसॉने लाकडात कोरकाम करणाऱ्या तिथल्या एका जोडप्याने आपल्यासारख्याच कोरक्यांना भर हिवाळ्यात बोलावलं. थोडी माणसं आली. पुढच्या काही वर्षांत तिथे देशोदेशींचे शेकडो कोरके येऊ लागले. स्पर्धा नाही, क्रमांक नाही. दिवसभर बर्फात उभं राहून कोरायचं, संध्याकाळी गप्पा मारायच्या, आणि कोरलेल्या वस्तूंचा शेवटी लिलाव करून पैसे धर्मादायाला द्यायचे.

मेळाव्याला त्यांनी नाव दिलं 'राँदेव्हू'. शब्द फ्रेंच आहे, पण अमेरिकन माणसाला त्यात पॅरिस आठवत नाही, रॉकी पर्वत आठवतो. 1825 पासून पुढची पंधराएक वर्षं बीव्हरची कातडी मिळवणारे एकांडे शिकारी दर उन्हाळ्यात तिथल्या एखाद्या खोऱ्यात जमत. कातडी विकायची, दारूगोळा, कॉफी, तंबाखू घ्यायचा, वर्षभर न बोललेलं बोलून घ्यायचं आणि पुन्हा रानात नाहीसं व्हायचं. त्या जमावालाच राँदेव्हू म्हणत. चेनसॉ कोरक्याचं जगणंही बरंचसं असंच असतं. रस्त्याकडेला एक शेड, समोर विक्रीला मांडलेली चार अस्वलं, आणि कानांवर मफ चढवलेले असल्यामुळे दिवसभर कोणाशी बोलणं नाही. अशा माणसाला वर्षातून एकदा आपल्या जातीची माणसं भेटावीत असं वाटलं, तर नवल नाही.

गावही नेमकं निवडल्यासारखं आहे. रिजवे हे लाकडाच्या धंद्यावर गबर झालेलं गाव. त्या डोंगरांतला व्हाइट पाइन इमारतींसाठी गेला आणि हेमलॉक सालीसाठी गेला, कारण ती साल कातडी कमवायला लागायची. विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं संपली तेव्हा तिथले डोंगर बोडके झाले होते. 1923 साली सरकारने तिथे अ‍ॅलेगेनी राष्ट्रीय वन जाहीर केलं, ते राखण्यासाठी कमी आणि पुन्हा उगवू देण्यासाठी जास्त. आता यातली गोम अशी, की एवढी कत्तल झाली ती कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या आडव्या करवतीने. साखळीची करवत त्या डोंगरांत तेव्हा पोचलीही नव्हती. चेनसॉला जंगलांचा काळ म्हणतात, आणि ते काही उगाच म्हणत नाहीत. पण या एका जंगलाच्या खुनाच्या वेळी ती घटनास्थळी नव्हती, हे नोंदवायला हवं.

अशा मेळाव्यात दरवर्षी काही पोरं येतात. सोळा-सतरा वर्षांची, घरामागे दोन-तीन मश्रूम आणि एक संशयास्पद घुबड कोरून झालेली. बरोबर बापाची किंवा काकाची करवत. ती आधी कडेला उभी राहतात. मग कोणीतरी वयस्क कोरका हेल्मेटची जाळी वर करतो, पोराच्या करवतीकडे हात पुढे करतो, ती हातात घेऊन वजन अजमावतो आणि साखळीवरून अंगठा फिरवतो. धार नसते. नवख्याच्या करवतीला धार नसतेच. मग कोरकाम राहतं बाजूला, आणि पहिला तास गोल कानस कशी धरायची, एका बाजूचे सगळे दात आधी आणि मग दुसऱ्या बाजूचे कसे घ्यायचे, यात जातो.

करवतीचं वजन अजमावण्याची ती कृती मला महत्त्वाची वाटते. असं पोर मेळाव्याला कधीपासून येऊ शकलं, याचा माग काढायला बसलं की कलेच्या इतिहासात फार काही हाती लागत नाही. शोधावं लागतं ते वजनात.

सुरुवात मात्र हलकी होती, इतकी की खिशात मावावी. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी, एडिंबराच्या जॉन एटकेनने आणि ग्लासगोच्या जेम्स जेफ्रीने, साखळीची करवत वापरात आणली. घड्याळातल्या साखळीसारखी बारीक दुव्यांची साखळी, आतल्या अंगाला दाते, दोन टोकांना दोन मुठी. हाडाच्या खालून ओवायची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. एटकेनच्या 1785 च्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात तिचं चित्र आहे. त्याआधी आठ वर्षं, 1777 मध्ये, पॅरिसला सिगो नावाच्या डॉक्टरने अडलेल्या बाईच्या ओटीपोटाखालचा हाडांचा सांधा कापून वाट मोठी करण्याची शस्त्रक्रिया केली होती. बाईला भूल नाही, कारण भूल यायला अजून सत्तर वर्षं होती. त्या सांध्यामागे लगेच मूत्राशय असतं. सरळ पात्याची घाई तिथे जिवावर बेतू शकते. वाकणारी साखळी हे त्यावरचं उत्तर होतं.

मोबाइलवर हल्ली एक रील फिरतं: 'चेनसॉ मुळात कशासाठी शोधली, ऐकाल तर हादराल!' ते बघून लोकांना वाटतं की पेट्रोलची धडधडती करवत बाळंतिणीच्या खोलीत चालायची. तसं काही नव्हतं. ती शस्त्रक्रियाच इतकी गुंतागुंतीची ठरली की बहुतेक डॉक्टर तिच्या वाटेला गेले नाहीत. साखळी टिकली ती सडलेली हाडं आणि सांधे काढण्याच्या कामात, आणि भूल आल्यावर तिचा वापर वाढला. 1830 च्या सुमारास जर्मनीत व्युर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइनेने तिला आणखी पुढे नेलं. त्याने एका लांबट पट्टीभोवती साखळी बसवली, मागे दातेरी चाक आणि चाकाला दांडा. दांडा फिरवला की साखळी पट्टीभोवती गरगरते. चित्र पाहिलं तर आजची चेनसॉ ओळखू येते, फक्त बाहुल्यांच्या भातुकलीतली वाटते. 1894 मध्ये इटलीच्या जिलीने पिळलेल्या तारेची करवत काढली, आणि दवाखान्यातली साखळी कपाटात गेली.

या डॉक्टरी साखळीला जंगलातल्या करवतीची आजी म्हणावं का? मी म्हणणार नाही. फार तर एकाच नावाच्या दोन घराण्यांतलं लांबचं सोयरेपण. प्रचंड खोडं आडवी पडली होती, त्यांना दोन माणसांची करवत पुरत नव्हती, ही अडचण स्वतंत्र होती आणि ती कॅलिफोर्नियाच्या रेडवूड जंगलात होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्सला 1905 मध्ये न संपणाऱ्या साखळीच्या करवतीचं पेटंट मिळालं, ते त्या झाडांसाठी. तिथून पुढचा रस्ता जर्मनीत जातो. 1926 मध्ये आंद्रेआस श्टीलने विजेवर चालणारी साखळी करवत केली. पुढच्या वर्षी एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. 1929 मध्ये श्टीलनेही पेट्रोलची आणली.

ही यंत्रं चाळीस-चाळीस किलोंच्या वरची. एका टोकाला इंजिन धरणारा, दुसऱ्या टोकाला पट्टीचं नाक धरणारा. आपल्याकडे खड्ड्यावर ओंडका ठेवून फळ्या काढणाऱ्या आराकसांची जोडी असायची. वरच्याला आखलेली रेघ दिसायची, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा, आणि दिवस संपल्यावर भांडणही त्यावरूनच व्हायचं. नव्या यंत्राने घाम कमी केला, पण जोडी मोडली नाही. दोन माणसांनी मिळून धरलेल्या हत्याराने चिरता येतं, तोडता येतं. नाक, डोळे काढता येत नाहीत. दोन माणसांनी एक लेखणी धरून सही करून बघा.

जोडी मोडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम सुधारलं, इंजिनं लहान झाली. 1949 मध्ये मॅककलोक कंपनीने 3-25 नावाची करवत आणली. नावातच जाहिरात होती, 25 म्हणजे पंचवीस पौंड, साधारण सव्वाअकरा किलो. दहा वर्षांनी श्टीलची 'कॉन्ट्रा' आली, बारा किलोंची पण ताकदीला दांडगी, मधला गिअरबॉक्स काढून टाकलेली. याच सुमारास आणखी एक सुधारणा झाली. तिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, मला मात्र तिच्यावाचून हे कोरकाम अशक्य वाटतं. ती म्हणजे पडद्याचा कार्ब्युरेटर. आधीच्या कार्ब्युरेटरमध्ये मोटरसायकलसारखी पेट्रोलची वाटी आणि तीत तरंगता गोळा असायचा. यंत्र आडवं केलं की वाटीचा तोल जायचा आणि इंजिन बंद पडायचं. म्हणून जुन्या करवतींत इंजिन उभं ठेवून फक्त पट्टी फिरवायची सोय करावी लागे. वाटीच्या जागी रबरी पडदा आल्यावर करवत उलटी, तिरकी, डोक्यावर, कशीही धरा, ती चालू राहते. लाकूडतोड्याला याचा उपयोग होता. पण अस्वलाच्या हनुवटीखालून वर जाणारा काप घ्यायचा असेल, तर याशिवाय गत्यंतरच नाही.

तिसरी गोष्ट साखळीच्या दाताची. जुन्या साखळीचे दात हातकरवतीच्या दातांची नक्कल होते, लाकूड खरवडणारे. त्यांना धार लावण्यात माणसाचा निम्मा वेळ जायचा. 1946 मध्ये ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या लाकडं फोडता फोडता एका बुंध्याशी थबकला. बुंध्यात भुंग्याची अळी होती, बोटाएवढी जाड, आणि ती चांगलं घट्ट लाकूड आडवं-उभं कसंही कापत पुढे चालली होती. तिने लाकडाचं पीठ पाडलं होतं. कॉक्सने ती नीट पाहिली. अळीच्या जबड्याला दोन आकडे होते, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, एक डावीकडे कापणारा, एक उजवीकडे. त्याने तसेच दात साखळीला बसवले, एक डावा, एक उजवा. 1947 मध्ये पोर्टलंडला कंपनी निघाली. आज कुठल्याही चेनसॉची साखळी पालथी करून पाहा, त्याच अळीचा जबडा दिसेल. माडाच्या शेंड्यात शिरणाऱ्या भुंग्याला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालणाऱ्या आपल्या लोकांनी हे ऐकून थोडं अस्वस्थ व्हावं. आपणही बघत होतो, पण शिव्या घालत बघत होतो.

वजन अकरा किलोंवर आलं, यंत्र कसंही वळू लागलं, दात भराभर ढलप्या काढू लागला, आणि दोन-चार वर्षांतच कोणीतरी त्याने लाकडावर नाव कोरलं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला रे मर्फी या शाळकरी पोराने बापाची करवत उचलली आणि एका लाकडावर अक्षरं काढली. चेनसॉ कोरकामाची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट ती हीच. म्हणजे या कलेचा मूळपुरुष कोणी दाढीवाला शिल्पकार नव्हता, मेळाव्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पोरासारखाच एक पोरगा होता. पुढे मर्फी मेन राज्यात हॅन्कॉकला महामार्गाच्या कडेला रोज रात्री खेळ करू लागला. काचेच्या आड उभा राहून चेनसॉने पेन्सिलीवर अक्षरं कोरायची. हे शिल्प नव्हे, सर्कस. पण माणसं थांबायची ती सर्कशीपाशीच, आणि थांबलेल्यांतल्या एखाद्याच्या घरी करवत असायचीच.

1961 मध्ये केन कायझरने उत्तर कॅलिफोर्नियातल्या 'ट्रीज ऑफ मिस्ट्री' या रेडवूडच्या बागेसाठी पन्नास कोरीव कामं केली. मग कोरके ट्रकच्या मागच्या हौद्यात अस्वलं भरून गावोगाव हिंडू लागले. कासारीण बांगड्या घेऊन येते तसेच, फक्त माल दोनशे पट जड. विस्कॉन्सिनच्या हेवर्ड गावात 1960 पासून लाकूडतोड्यांचे जागतिक सामने भरत होते. तिथे 1980 च्या दशकात आर्ट मो नावाच्या कोरक्याचं काम टीव्हीवर दिसलं आणि देशभरात गॅरेजं उघडली. मध्ये 1974 चा एक भयपट येऊन गेला, नावातच चेनसॉ असलेला, आणि त्याने या यंत्राची उरलीसुरली अब्रू घालवली. तरी वजन उतरतच होतं. 'द रनअवेज' या बँडची गायिका शेरी करी हिने माइक सोडून चेनसॉ धरली आणि त्यात नाव काढलं. चाळीस किलोंच्या जमान्यात ही वाट तिला बंद असती.

अस्वलच का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं उत्तर असं, की बसलेलं अस्वल हे आधीच ओंडका असतं. मान नाही, कंबर नाही, बारीक पाय नाहीत. लाकूड उभ्या धाग्याला मजबूत आणि आडव्या धाग्याला कच्चं असतं. म्हणून पंख पसरलेला गरुड करणारे नवखे रडतात, तर जाणते पंख वर उभे ठेवतात. अस्वलात काहीच आडवं जात नाही. ओंडक्याचा वरचा तिसरा भाग डोक्याला सोडायचा, समोरून दोन तिरके काप घेऊन नाकाडाची पाचर बाहेर काढायची, वर दोन कानांचे उंचवटे ठेवायचे. इतकं झालं की शंभर फुटांवरूनही ते अस्वल दिसतं. उरलेला दिवस जातो तो जवळून दिसण्यासाठी.

जवळून दिसणारं काम साध्या पट्टीने होत नाही. चेनसॉच्या पट्टीच्या नाकाचा वरचा अर्धा भाग लाकडाला टेकला, तर साखळी अडते आणि सगळी करवत उलटून तोंडाकडे उसळते. साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या पुढे असतो. डोळा मिटायच्या आत काय व्हायचं ते होऊन जातं. लाकूडतोड्याला पहिला धडा हाच, की नाकाने कापू नकोस. आणि कोरक्याचं तर सगळं बारीक काम नाकानेच! म्हणून त्यांनी निमुळत्या पट्ट्या घडवल्या. नाक जितकं लहान, तितकी उसळी कमी. या पट्ट्यांची मापं अमेरिकेत नाण्यांवरून सांगतात, 'क्वार्टर टिप', 'डाइम टिप'. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, जेमतेम अठरा मिलिमीटरचं. एवढ्याशा टोकात फिरतं चाक बसत नाही, म्हणून तिथे कठीण धातूचा थर देतात आणि साखळी त्यावरून घासत जाते. या टोकाचा नुसता स्पर्श देत केस काढायचे, मग गॅसच्या बर्नरने सगळं अस्वल काळं करायचं आणि ब्रशने वरचा कोळसा काढायचा. खाचांत काळं राहतं, उंचवटे पिवळे होतात. ती फर.

नव्या पोरांना मेळाव्यात सर्वांत जास्त चकित करते ती गोष्ट मात्र पाठीमागे असते. ओला ओंडका वाळताना वर्तुळाच्या दिशेने जेवढा आकसतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याच्या दिशेने आकसतो. त्यामुळे कुठेतरी उभा तडा जाणारच, आणि तो नेमका नाकाडावरून जाईल. म्हणून जाणता कोरका अस्वल पुरं झालं की ते फिरवतो आणि पाठीत थेट गाभ्यापर्यंत एक सरळ चीर देतो. आता आकसण्याचा सगळा ताण त्या चिरेत जातो आणि तोंड शाबूत राहतं. दोन दिवस खपून केलेल्या कामाच्या पाठीत करवत घालताना पाहिलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अशा जागा आता पुष्कळ झाल्या. कॅनडात होप गावच्या बागेत 1991 मध्ये पीट रायनने मुळं कुजलेल्या एका झाडातून सामन धरलेला गरुड काढला, आणि गावभर लाकडी शिल्पं उभी राहत गेली. चेटविंडला दर जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते आणि जिंकलेली कामं रस्त्याकडेला राहतात. जपानच्या आइची प्रांतातल्या तोएई गावी जी मंडळी जमतात, ती सुगी नावाचं सूचिपर्णी झाड कोरतात. युद्धानंतर तिथल्या डोंगरांवर त्याची बेसुमार लागवड झाली होती, आणि परदेशी लाकूड स्वस्त झाल्यावर त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये कारब्रिजला भरते त्या स्पर्धेला जाणाऱ्यांपैकी किती जणांना एटकेन आणि जेफ्री ही नावं माहीत असतील, कोण जाणे.

मधल्या काळात करवतीला कंप शोषणाऱ्या रबरी मुठी आल्या, कारण लाकूडतोड्यांची बोटं रक्त न पोचून पांढरी पडू लागली होती. हाताने ढकलायचा ब्रेक आला. मांडीवर घालायचे संरक्षक कपडे आले. त्यांच्या आत लांब चिवट धागे भरलेले असतात. साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन तिच्या चाकात गुंततात आणि करवत जागच्या जागी थांबते. आणि आता बॅटरीच्या करवती आल्या आहेत, तीन किलोंच्या, धूर नसलेल्या. जुने कोरके त्यांना खेळणी म्हणतात. श्टीलची 1926 ची पहिली करवत विजेचीच होती, हे त्यांच्या कानावर घातलं तर ते मफ खाली ओढतात.

लिलावाच्या दिवशी पोराचं अस्वलही मांडायचं असतं. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झालेला, पण पाठीत चीर दिलेली, कोणी न सांगता. तीन किलोंची करवत तो एका हातात धरून उभा आहे. अस्वल मात्र ओल्या व्हाइट पाइनचं. ते टेबलावर चढवायला अजूनही दोन माणसं लागतात.